नेरिडाची बिली

नेरिडा पॅस्कोला चहाशिवाय विचार सुचत नाही आणि विचार सुचला की तो पोटात राहत नाही. त्यामुळे आमच्या येरुंगा गावात तिच्या शेजारी जो चहा प्यायला बसतो, त्याला तोंडी लावायला बिस्किट मिळो न मिळो, शास्त्र मिळतंच. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता कपाच्या मधोमध का गोळा होते, यावर ती पुढ्यातला चहा गार होईपर्यंत बोलू शकते. आमच्या कोरड्या उन्हात वाफाळता चहा प्यावा, घाम येतो, उडून जातो आणि अंग गार होतं, हा तर तिचा लाडका सिद्धांत. थंड बियर पिणाऱ्यांची तिला मनापासून कीव येते.

खेळांची प्रतवारीसुद्धा ती चहावरूनच लावते. "ज्यात मध्ये चहाला थांबत नाहीत तो खेळ नव्हे, पळापळ," असं ती फुटबॉलबद्दल म्हणते आणि तिचा नवरा अर्न मुकाट्यानं टीव्हीचा आवाज वाढवतो. क्रिकेटला ती सुसंस्कृत मानते, पण सगळ्यात वर बोल्स. एका अंगानं झुकणारा जड चेंडू हिरवळीवरून सोडायचा, तो वळसा घेत घेत छोट्या पांढऱ्या चेंडूशेजारी जाऊन थांबला पाहिजे, एवढाच खेळ. चौघींच्या संघात शेवटचा चेंडू टाकायचा मान नेरिडाचा, आणि तो तिनं वर्षानुवर्षं मिरवला.

गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. वडिलांचाही थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. क्लबात तिचा कप बशीवर वाजायला लागला की बायका मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. संघ निवडायची बेव्ह, म्हणजे अर्नची सख्खी बहीण. विरिम गावाशी अंतिम सामना दोन दिवसांवर आला, तेव्हा तिनं भावजयीला बाजूला घेतलं.

"नेरिडा, शनिवारी तू चहाचं बघ."

"चहाचं मी रोजच बघते. शेवटचा चेंडू कोण टाकणार?"

"मी टाकेन. अगं, कप धरवत नाही तुला! कपात किती आणि बशीत किती, तेच कळत नाही."

"मग बशीतला पिते की मी. टाकून तर देत नाही ना?"

"चेष्टा नको. विरिमच्या बायकांसमोर तुझं हसं झालेलं मला नाही बघवणार."

बेव्हच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. नेरिडा गाडीत बसून रडली. रडून झाल्यावर थर्मासमधला चहा प्यायली. विचार सुचायचा तर चहा हवाच.

विचार मात्र सुचला तो दुसऱ्या दिवशी, अर्नमुळे. स्वयंपाकघरात माश्यांनी उच्छाद मांडला होता आणि नेरिडा माश्या मारायची पट्टी घेऊन त्यांच्या मागे लागली होती. अर्न म्हणाला, "काय गंमत आहे बघ. कप धरताना थरथरतेस, पण माशी काही तुझ्या हातून सुटत नाही."

नेरिडा हात वर धरून तशीच थांबली, आणि थांबल्याबरोबर हात थरथरायला लागला. पट्टी फिरवली, थरथर गेली. तिला वडील आठवले. घोटभर चहा पिताना शर्ट भिजवणारा तो माणूस सहलीला गेला की उकळत्या बिलीची, म्हणजे कडीच्या टिनच्या डब्याची, कडी पकडून ती डोक्यावरून गरगर फिरवायचा. पत्ती तळाशी बसायची आणि एक थेंब सांडायचा नाही.

"अर्न, माळ्यावरून बाबांची बिली काढ!"

शनिवारी सकाळी बेव्ह कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून क्लबात आली, तर अंगणात नेरिडा शेगडीवर बिली उकळत होती. पत्ती टाकली, निलगिरीचं एक पान टाकलं.

"बेव्ह, इथं उभी राहा. अशी लांब नको. जवळ ये."

"डोकं फिरलंय तुझं? भाजून मरेन मी!"

"मेलीस तर शेवटचा चेंडू मलाच मिळेल. उभी राहा."

नेरिडानं बिली उचलली. कडी खडखड वाजली, झाकण उडायला लागलं. बेव्हनं डोळे मिटले. मग नेरिडानं हात मागे नेला आणि झोका दिला. बिली वर गेली, उलटी झाली, खाली आली, पुन्हा गेली. कडीचा आवाज बंद. बेव्हनं एक डोळा उघडून आपले कपडे पाहिले. दुधासारखे पांढरे!

"धरून ठेवणं वेगळं आणि फिरवणं वेगळं," नेरिडा धापा टाकत म्हणाली. "चेंडू काय मी धरून ठेवणार आहे?" आणि खुशीत ती चहा ओतायला गेली, तर अर्धा बेव्हच्या बुटावर.

"चहाचं काम तुला या जन्मी मिळणार नाही," बूट झटकत बेव्ह म्हणाली. "जा, कपडे बदल. शेवटचा चेंडू तुझा."

चहावर अर्नला बसवलं. त्याचा चहा म्हणजे पाण्याला पत्तीची नुसती ओळख करून दिलेली. तरी मधल्या सुट्टीत नेरिडानं तोच वाफाळता प्यायला आणि आपल्या तिघींनाही पाजला. विरिमची कर्णधार ग्लेनिस बर्फाचं पाणी पीत नेरिडाच्या वाजणाऱ्या कपाकडे बघत होती. "हिला खेळवताय?" तिनं बेव्हला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बघच तू," बेव्ह म्हणाली.

शेवटच्या फेरीला दोन्ही संघ बरोबरीत. ग्लेनिसचा चेंडू पांढऱ्या चेंडूपासून वीतभर अंतरावर बसला आणि आता एकच चेंडू उरला, नेरिडाचा. ती रेषेवर उभी राहिली. हातातला चेंडू एवढा थरथरत होता की कुंपणाबाहेरच्या माणसांनी माना फिरवल्या. बेव्हनं मात्र फिरवली नाही. नेरिडानं हात मागे नेला, झोका दिला, सोडला.

चेंडू बाहेरच्या बाजूनं निघाला. फार बाहेर, असं सगळ्यांना वाटलं. मग तो सावकाश वळला, ग्लेनिसच्या चेंडूला वळसा घालून आत शिरला आणि पांढऱ्या चेंडूला टेकून थांबला.

एवढा आरडाओरडा येरुंगात कधी झाला नव्हता. विजयाचा झेंडा भिंतीवर चढला, अर्ननं बहिणीला उचलायचा प्रयत्न करून कंबर धरली, आणि नेरिडा आनंदानं रडली.

बेव्हनं स्वतःच्या हातानं कडक चहा केला आणि काठोकाठ भरलेला कप भावजयीच्या हातात दिला. कप बशीवर वाजायला लागला. या वेळी कोणी मोठ्यानं बोललं नाही. विरिमच्या बायकांसकट सगळं क्लबघर गप्प बसून तो आवाज ऐकत होतं.

अर्धा चहा बशीत सांडल्यावर नेरिडानं कप टेबलावर ठेवला, बशी दोन्ही हातांनी उचलली, ग्लेनिसकडे बघितलं आणि घरभर ऐकू जाईल असा भुरका मारला.