अकरा पानं आणि बाकी अक्षता

धायरीच्या चंद्रभागा पोकळे गेली चौतीस वर्षं गणपतीत शनिवार पेठेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर पत्री विकतात. गणपतीला एकवीस प्रकारची पानं वाहायची, एवढं पेठेत सगळ्यांना ठाऊक असतं. ती कोणती, हे विचारायला कोणी थांबत नाही. पानं हिरवी असली की देव प्रसन्न, पार्किंग मिळालं की भक्त.

पूर्वी घरामागच्या टेकडीवर त्या सकाळभरात एकवीस पानं गोळा करायच्या. माका ओढ्याकाठी, विष्णुक्रांता बांधावर. डोरली शोधावी लागायची नाही, पायात काटा मोडला की समजायचं, सापडली. आता टेकडीवर सात इमारती आहेत आणि त्यांचं नाव ‘वनराई’ आहे. ओढा पाइपातून जातो. फुलपाखरं दिसेनात म्हणून सोसायटीने ती भिंतीवर रंगवून घेतली आहेत. माक्याचं तेल तिथल्या बायका ऑनलाइन मागवतात.

चंद्रभागाबाईंचा मुलगा संभाजी तिथेच माळी आहे. दर महिन्याला तणनाशक फवारतो. आईची पत्री ती त्याच्या सुपरवायझरचं तण. घरी परसात भोपळ्याचा वेल फुलतो, पण धरत नाही. मग सून तनया सकाळी उठून नर फूल मादी फुलाला टेकवत फिरते. “मधमाश्यांची ड्यूटी मीच करते,” म्हणते. “त्यांना रजा तरी असते.”

गेल्या वर्षी तेराच पानं घावली, तेव्हा चंद्रभागाबाईंनी उरलेल्या आठांच्या जागी सोसायटीच्या कुंपणाची कापलेली पानं बांधली. चकचकीत, टवटवीत. सगळ्या जुड्या खपल्या. एका बाईंनी तर आघाड्याची काडी परत केली. “मावशी, हे गवत काढा, ती छान पानं घाला.”

पकडलं ते एकट्या नीरजाबाईंनी. सदाशिव पेठेत राहणाऱ्या, कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चंद्रभागाबाई दर चतुर्थीला त्यांच्या घरी जुडी पोचवतात; इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी मोजून घेतली नव्हती. गेल्या वर्षी सहज उलगडली आणि एक पान उचलून धरलं.

“हा ड्युरांटा आहे, कुंपणाचं परदेशी झुडूप. एकाही पानाला भोक नाही, बघा. आपल्या किड्यांनासुद्धा हे खपत नाही, आणि तुम्ही देवाला देताय? पुन्हा असं करायचं असेल तर या दाराशी येऊ नका.”

चंद्रभागाबाईंना आजवर कोणी चोर म्हटलं नव्हतं. नीरजाबाईंनीही म्हटलं नाही, पण वर्षभर ते कानात वाजत राहिलं.

यंदा त्या आठवडाभर हिंडल्या. थेट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेल्या. अकरा घावली. संभाजीने न विचारता कुंपणाच्या पानांची पिशवी भरून ठेवली होती. “आई, पेठेतल्या लोकांना काय कळतंय?”

“एकीला कळतंय ना.”

पिशवी घरीच राहिली. चतुर्थीच्या सकाळी त्या सदाशिव पेठेत पोचल्या, तेव्हा नीरजाबाईंचा मुलगा आमोद मोबाइलवरून पूजा वाचायला बसला होता. चंद्रभागाबाईंनी दारातच जुडी सोडली.

“अकरा हायेत बाई. मोजून घ्या. बाकीच्यांवर बिल्डिंगी हायेत.”

नीरजाबाईंनी एकेक पान उजेडात धरलं. बोराच्या पानांना भोकं होती. रुईवर तर एक सुरवंट होता, तो त्यांनी अलगद कुंडीत सोडला, पाहुण्याला चौरंग द्यावा तसा.

“खरी आहेत,” त्या म्हणाल्या. “बसा. प्रसाद घेऊनच जा.”

आत पूजा सुरू झाली. आमोद पानाचं नाव वाचायचा आणि आईकडे बघायचा.

“माका?”

“नाही. अक्षता वाहा.”

“शमी?”

“अक्षता.”

“मरवा? डोरली?”

“आमोद, विचारू नकोस. वाटी जवळ घे.”

जे मिळत नाही त्याच्या जागी तांदूळ वाहायचे, ही सोय शास्त्रानेच करून ठेवलेली. शेवटी मूर्तीपुढे पानं थोडी आणि तांदूळ बरेच झाले. नीरजाबाई बघत राहिल्या. “वर्गात मी या सगळ्यांचे नमुने दाखवायचे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी या बरं का. पाच असली तरी या.”

चंद्रभागाबाई प्रसाद घेऊन पायरीवर परतल्या तेव्हा दहा वाजले होते. उशिरा जागे झालेले भक्त गाड्या चालू ठेवूनच खरेदी करत होते. एकाने काच खाली केली.

“मावशी, एकवीसची आहे ना?”

गेल्या वर्षी त्यांनी मान हलवली असती.

“अकराची हाय. बाकीच्याला अक्षता वाहा.”

“अहो, पलीकडे ती मुलगी एकवीस देतेय!”

“देतीय की. सोसायटीची कुंपणं काय आमच्या एकट्या धायरीतच हायेत?”

त्याला ते कळलं नाही. त्याने पलीकडे जाऊन जुडी घेतली, नाकाशी धरली आणि बायकोला म्हणाला, “बघ, किती फ्रेश आहेत. एकसुद्धा किडकं नाही.”

दुपारपर्यंत चंद्रभागाबाईंच्या चार जुड्या खपल्या. उरलेल्या त्यांनी गोणपाटात गुंडाळल्या. आघाड्याचे तुरे मात्र वेगळे काढून कमरेच्या पिशवीत ठेवले, बी धरायला. संभाजीची या महिन्याची फवारणी सोमवारी आहे. मंगळवारी ते बी ‘वनराई’त टाकायचं.