शांतवन मास्तरांची पिवळी क्रूझर

शांतवन मास्तरांच्या शेजारी बसून गाडी शिकलेल्या माणसाला पुढे आयुष्यात कुणाच्याही बोलण्याचं काही वाटत नाही. नाव शांतवन, पण शांतपणाशी त्यांचा संबंध तेवढाच. शिर्डीजवळच्या राहाता गावात त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. मी शिकवायची ती शाळा सुटली, की मी तिथून थेट त्यांच्या पांढऱ्या मोटारीत जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी मी गिअर टाकला, गाडीने आचका दिला, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, वर्गात पोरं तुमचं ऐकत्यात का? गाडी तर न्हाई ऐकत."

ते कुणालाच सोडत नसत. परगावच्या भरधाव गाड्या दिसल्या की म्हणत, "सगळा भार देवावर. ब्रेकवर पाय न्हाई." चर्चमधून बाहेर पडताना म्हणत, "पाळकसाहेबांचा उपदेश सरळ असतो, रिव्हर्स तेवढा वाकडा." मास्तर गेले त्याला आता वर्ष होईल. मातीला आलेल्या लोकांनी कबरस्तानाबाहेर गाड्या एका रेषेत लावल्या होत्या, इतका त्यांचा धाक.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना काचबिंदू झाला. समोरचं दिसे, कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मास्तर मला म्हणाले, "डॉक्टरची गाडी बघितली का? दोन्ही बंपर चेपल्यात. आन् ते मला नजर शिकवनार." तरी स्कूल त्यांनी बंद केली. मुलगा म्हणाला, "अण्णा, कुठं जायचं असंल तर सांगत जा, मी सोडीन." त्यावर मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "ह्याच्या मागं बसू? ह्याला मीच दोनदा नापास केलाय." कुणीतरी नेईल आणि कुणीतरी आणील अशा जगण्याची त्यांना चीड होती. आपल्या पायाने, आपल्या मर्जीने गावात हिंडता यावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याने थाट म्हणून पाहुण्यांसाठी दोन क्रूझर सायकली आणल्या होत्या. लांबलचक, जाड टायरांच्या, मागे वळलेल्या रुंद हँडलच्या. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात अशा. पाहुणे आले आणि रिक्षाने हिंडले. सायकली मागच्या अंगणात गंजत पडल्या. मास्तरांनी दोन्ही टेम्पोत घालून आणल्या, दोन्हींची मिळून एक करायची म्हणून.

मग महिनाभर त्यांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रेम एकीची, मागचं चाक दुसरीचं, चेन डिझेलमध्ये बुडवलेली. उरलेल्या भागांसाठी त्यांनी स्कूलच्या मोटारीवरच हात टाकला. तिच्या सीटचं रेक्झिन सायकलच्या सीटला चढलं, तिचा हॉर्न हँडलखाली आला आणि त्याच्यासाठी बॅटरीचा डबा कॅरिअरवर. गावातला सायकलवाला आपण होऊन मदतीला आला, तर त्याला "पाना धरलाय का चमचा?" असं विचारून वाटेला लावलं. रंग दिला पिवळाधमक. मला ती वरातीतली घोडी वाटली, आणि मी तसं बोलले.

"बाई, तुमाला क्लच कळाया दोन महिने लागलं," मास्तर म्हणाले. "सायकल कळाया वेळ लागंल."

सगळ्यात शेवटी त्यांनी मोटारीचे दोन्ही आरसे हँडलच्या दोन टोकांना बसवले. मी जवळ जाऊन पाहिलं. आरशांत मागचं काही दिसत नव्हतं. एक डावीकडे वळवलेला होता, एक उजवीकडे. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पुरतं पटलेलं होतं. मला वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला.

"आरशांवर भागेल का, मास्तर?"

"भागवायचं," ते म्हणाले. एवढं लहान उत्तर त्यांनी मला कधी दिलं नव्हतं.

पावसाळा सरल्यापासून ते रोज त्या सायकलवर हिंडू लागले. मोटरसायकलवाल्या पोरांना हॉर्न देऊन बाजूला घेत, वर चार शब्द सुनावत. मग एका बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन निघाले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई पेरूची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. मास्तर सावकाश, अगदी नियमाने डावीकडून आले, आणि पुढचं चाक सरळ पाटीवर गेलं. बाईचा हात चाकाखाली येता येता राहिला. पेरू रस्ताभर झाले. मास्तर पडले नाहीत, पाय टेकवून उभे राहिले.

लोक जमले आणि तिच्यावरच धावून गेले. निम्मे मास्तरांचेच शिष्य. "रस्त्यात बसत्यात का? मास्तर हुते म्हनून वाचलीस." ती बिचारीही म्हणाली, "चुकलं माझं, दादा." मास्तर नुसते गप्प राहिले असते तरी प्रकरण तिथंच मिटलं असतं.

"चूक तिची न्हाई," मास्तर म्हणाले. "ती कडंलाच बसली हाय. मला ती दिसलीच न्हाई."

"असं कसं मास्तर, ऊन तोंडावर आलं आसंल," कुणीतरी म्हणालं.

"ऊन पाठीमागं हाय. तुला दिशा बी कळंना का? आंधळ्या मानसानं रस्त्यावर सायकल आनली, एवढंच झालंय. पेरू गोळा करा तिचे."

सगळे खाली वाकले. मास्तर सायकलवरून उतरले आणि हँडल धरून चालू लागले. मी त्यांच्याबरोबर निघाले. घराकडे जायला मोठा रस्ता ओलांडावा लागायचा. कडेला येऊन ते थांबले. आरशांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"बाई, काय येतंय?"

"ट्रक आहे. थांबा."

ट्रक गेला. "आता?"

"आता मोकळं आहे."

"नीट बघून सांगताय ना? तुमच्या बघन्यावर माझा कवाच भरोसा नव्हता."

"मोकळं आहे, मास्तर."

मी एका बाजूने हँडलला हात घातला. मास्तरांनी तो राहू दिला. समोर बघत ते माझ्याबरोबर रस्त्यात उतरले.