भिंतीपलीकडची प्रभाक्का

प्रभाक्का कधी आमच्या दारातून आली नाही. दोन्ही घरांच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत आहे, तिच्यावर स्टीलच्या वाटीनं ठोकायची. टण टण. की माझी बायको रुक्मा हातातलं टाकून परसात पळाली! मी ताटावर बसलेलो, भात कोरडा, हुळी, म्हणजे आमटी, वाढायची राहिलेली, पण माझं कोण विचारतंय? भिंतीशी दोघी बोलायच्या, हसायच्या. मी परसात गेलो की गप्प.

खरं सांगतो, मला ती बाई सोसायची नाही. कानडी मुलखात, बनशंकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं आम्हीही आणि तीही, पण ती खूप शिकलेली. मी चौथी नापास, ब्लाउज शिवणारा. ती लॅबमध्ये कसायाकडून आणलेल्या मेंढीच्या अंडाशयातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायची. हे काय बाईमाणसाचं काम, असं मी तोंडावर म्हणालो. तर म्हणाली, "अण्णा, तुम्ही बाहेरून मापं घेता, मी आतून घेते. स्वल्पच फरक."

आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. तिनं रुक्माला आपलं काम सांगितलं तेही वाटीची देवघेव करतानाच. मी मशीनवर बसून ऐकत होतो. "अंडाशयात पण अशी भिंत असते, रुक्मा. बाहेरच्या पेशी कच्चा माल करून आतल्यांना पाठवतात. आतल्या त्याचं इस्ट्रोजेन करतात. मग तेच इस्ट्रोजेन भिंतीवरून परत जाऊन बाहेरच्यांना सांगतं, पुरे गं, आता कमी पाठव. आणि आतल्यांना म्हणतं, चला, हात चालवा."

"एकीला थांब, एकीला चल? मग भांडणं होत नाहीत?"

"होतात की. ती बघायचाच तर मला पगार मिळतो."

रुक्मा अशी हसली! माझ्यासमोर ती अशी शेवटची कधी हसली ते आठवत बसलो, तर बाही उलटी जोडली गेली.

रुक्माची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती पुन्हा सुरू झाली. एका घरात राहून मला पत्ता नाही; सांगितलं भिंतीवर. त्या दिवशी मात्र प्रभाक्का दारातून आली. पहिल्यांदाच.

"अण्णा, ऑटो बोलवा. हिला डॉक्टरकडे न्यायचंय."

"माझ्या बायकोचं काय ते मी बघीन."

"सरी, बघा की. ऑटोत बसून बघा."

अंडाशयात गाठ निघाली. ती स्वतःच इस्ट्रोजेन करत सुटली होती, म्हणून सगळं उलटं फिरलेलं. दवाखान्याच्या बाकावर प्रभाक्का म्हणाली, "या गाठीला पुरे म्हटलेलं ऐकू येत नाही, अण्णा." आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तेव्हासुद्धा मला वाटलं, ही का रडतेय? रडायचं मी.

ऑपरेशन झालं, बरीच वर्षं मिळाली. मग गाठ परत आली आणि गेल्या वर्षी रुक्मा गेली. टण टण बंद झालं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, कपडे वाळत घालायचो आणि आत जायचो.

परवा प्रभाक्काचा मुलगा तिला महादेवपुऱ्याला न्यायला आला. टेम्पो भरत होते. भिंतीवर वाटी वाजली. गेलो. वाटी आमचीच, रुक्माची, तिच्याकडे राहिलेली.

"रिकामी कशी देणार, अण्णा? घ्या."

मी सरळ विचारलं, "अक्का, ती तुझ्याशी माझ्याबद्दल काय बोलायची?"

"तुमच्याबद्दल? काहीच नाही."

"काहीच नाही?"

"तुम्ही घरात होतात की. घरात आहे त्याचं काय बोलायचं? जे नव्हतं त्याचं बोलायचो." डोळे पुसून म्हणाली, "येते, अण्णा."

वाटीत चित्रान्न होतं, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. पहिला घास घेतला. तीच चव. मेथीदाणा जरा जास्त करपवलेला, रुक्मासारखा. म्हणजे इतक्या वर्षांत तिच्या हाताची चवसुद्धा भिंतीवरून तिकडे गेली. माझ्याकडे वाटी राहिली.

आता ती भरून महादेवपुऱ्याला न्यायचीय. काल चित्रान्न केलं, मीठ जास्त झालं. आज मेथीदाण्याचा कोळसा. पण सोडत नाही. तिला रुक्मानं शिकवलं, मला कोणी शिकवलं नाही. तरी मी नवरा आहे.

उद्या पुन्हा करून बघतो.