कोपर ते ठाणे: राघोच्या नावाचे पैसे आणायला

ठाण्याला आगगाडीने सगळेच जातात. आम्ही होडीने निघालो, कारण महादूला परतताना बाळकुमच्या कुरणाचा मक्ता पक्का करायचा होता. महादू आमच्या कोपरचा, माझ्या शाळेला लागूनच त्याचे घर. लोकांचे गवत विकत घेऊन तो मुंबईच्या तबेल्यांना पोहोचवतो. यंदा प्रथमच स्वतःचे कुरण मिळत होते. मालकाने बजावले होते, तिसऱ्या प्रहराच्या आत विसार हातात पाहिजे, दुसरे गिऱ्हाईक उभेच आहे. पैसे ठाण्याच्या डाकघरात होते. घरात पुरू नकोस, तिथे ठेव, म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. मोठा शहाणा मी.

या वाटेने कोणाला जायचे असेल तर ओहोटी धरून निघावे आणि पिण्याचे पाणी घरून न्यावे. नाखवा माणशी दोन आणे घेतो, घासाघीस करून उपयोग नाही. खाडीच्या दोन्ही काठांना मिठागरे, डोळे दिपतात. महादूच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुकट बांधून दिली होती. मला सुकट चालत नाही, म्हणून आठवणीने गूळ. बाळकुमला उतरून ठाण्यापर्यंत तासभर चाल पडते. महादू पुढे पुढे पळत होता.

डाकघरात कारकुनाने खातेपुस्तक उघडले. "राघो कोण?"

"माझा बापूस."

"त्याला घेऊन ये."

"तो कवाच मेला. माझं लगीन व्हवाचे आदी."

अर्ज मीच लिहिला होता. नाव कोणाचे घालू, विचारले; त्याने राघो सांगितले, मी राघो लिहिले. माणूस जिवंत आहे का, हे विचारायचे सुचलेच नाही.

"अरे, बापाचे नाव का सांगितलेस?"

"घर बापसाचे नावाव, शेत बापसाचे नावाव. पैसं माझे नावाव घाललं त बरा दिसल का, मास्तर?"

कारकून वाईट नव्हता. कोर्टातून वारसाचा दाखला आणा म्हणाला; पण खाते उघडण्याआधीच मेलेल्याचा वारस कोर्ट मानणार नाही, हेही त्यानेच सांगितले. मग महादूचा चेहरा पाहून आवाज उतरवला. "मी काही ऐकले नाही. तूच राघो ना? लाव अंगठा."

हो म्हण रे, मी पुटपुटलो. मास्तर असून पुटपुटलो.

महादू शाईकडे बघत राहिला. "मी राघो झालो त बापूस कोन?" म्हणाला, आणि पुस्तक उचलून बाहेर पडला.

बाळकुमला पोहोचलो तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाची माणसे कुरणाला कुंपण घालत होती. महादू कडेला थोडा वेळ उभा राहिला. भरती लागल्यावर आम्ही होडीत बसलो. भाकरी तशीच परत आली.

घरी त्याने पुस्तक देव्हाऱ्यात, राघोच्या चांदीच्या टाकाजवळ ठेवले. ते तिथेच असायचे, मला ठाऊकच नव्हते.

उंबऱ्यापर्यंत मला सोडायला आला. "मास्तर, पैसं हायेत ना पन तिथंच?"

"आहेत," मी म्हणालो. खरोखरच आहेत. त्याला ते कधी मिळायचे नाहीत, हे मात्र माझ्याने सांगवले नाही.