बाबांनी लावलेलं शून्य

झेंडू आणि मशीन ऑइलचा वास एकत्र आला की बिबवेवाडीतलं आमचं गॅरेज आठवतं. हडपसरच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी तिथे लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन मांडलं होतं, पण नजर अधू झाली, चाकावरच्या मापाच्या बारीक रेघा दिसेनात आणि काम थांबलं. म्हणून एका दसऱ्याच्या सकाळी मी चाक फिरेल तसं बदलणारं माप मोठ्या हिरव्या आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट बसवला. बाबांनी आकडे शून्यावर आणले आणि हात चोळत म्हणाले, “चला, एक काप घेऊन बघू.” तेवढ्यात आई हळदकुंकू, हार घेऊन आली. “अहो, आधी पूजा!” हार घातल्यावर तो रीडआउट सत्काराला बसलेल्या नगरसेवकासारखा दिसू लागला. मग पूजलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही, हा बाबांचाच कारखान्यातला नियम आईने त्यांना ऐकवला. “मशीनला रजा बरी लगेच मिळते,” बाबा हसून म्हणाले, “उद्या बघू.” पहाटे त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात कायमचा गेला. आता बाबा नाहीत. पूजाअर्चेवर माझा विश्वास नाही, तरी दर दसऱ्याला हार मीच घालतो. बटण दाबलं की त्यांनी लावलेलं शून्य उजळतं, आणि चाक फिरवायला माझा हात होत नाही.