हात हातात घेणारे डॉक्टर

डॉ. नेवरेकरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या विलेपार्ल्याच्या दवाखान्यात झाली. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि काम मागायला गेले होते. डॉक्टर एका पोस्टमनच्या तळव्यावरची चामखीळ पाहत होते. मला म्हणाले, "बसा. यांचे पाय आधी, तुमची प्रमाणपत्रं नंतर." प्रमाणपत्रं त्यांनी शेवटपर्यंत पाहिलीच नाहीत.

चामखीळ हा तसा क्षुल्लक आजार. घोड्याचा केस बांध, चुना लाव, असे उपाय घरोघर चालतात. मलाही वाटे, जाळून टाकली की झालं. त्या घाईत मी एका कारकुनाच्या बोटावर ॲसिड जास्त लावलं आणि जखम चिघळली. ते कारकून तावातावाने आले, तेव्हा डॉक्टर पुढे झाले. "चूक दवाखान्याची आहे. रोजचं ड्रेसिंग मी स्वतः करीन." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते गेल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, चामखीळ कधीतरी जाते. आपण केलेला व्रण जात नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खारदांड्याहून एक कोळीण आपल्या मुलीला, हिराला, घेऊन आली. हिराच्या दोन्ही हातांवर चामखिळी होत्या आणि कुणीतरी बिब्बा लावल्याने त्यांतल्या काही भाजल्या होत्या. आई रडत म्हणाली, "माज्या पोरीची सोयरीक मोडतेय, डाक्तर! मनोरीवाले बोलतात, महारोग हाय."

डॉक्टरांनी ते हात आपल्या हातांत घेतले. आधी भाजलेलं बरं होऊ दे, म्हणाले. मग रोज संध्याकाळी हात कोमट पाण्यात भिजवायचे, टाचा घासायच्या, पण फक्त हिराच वापरेल अशा वज्रीने चामखिळी हलकेच घासायच्या आणि औषध फक्त चामखिळीवर लावायचं. मासळी कापताना बोट चिरलं तर लगेच फडकं बांधायचं.

पण मनोरीवाले, म्हणजे हिराच्या होणाऱ्या सासरचे लोक, हात बरे होईपर्यंत थांबायला तयार नव्हते. मग एका रविवारी डॉक्टर मला घेऊन खारदांड्याला गेले. मनोरीहून आलेली सासरची वडीलधारी मंडळी हिराच्या अंगणात बसली होती. डॉक्टरांनी हिराला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बारीकसा धागा तिच्या हातांवर ठिकठिकाणी टेकवला. "कळलं... आता कळलं... हितं पन," ती सांगत राहिली.

"महारोगाच्या डागाला हे कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "या साध्या चामखिळी आहेत. एकाच्या दुसऱ्याला होऊ शकतात, हे खरं. पण त्यांनी कुणाचं आयुष्य बिघडत नाही." मग त्यांनी हिराकडे पाणी मागितलं आणि सगळ्यांदेखत प्यायले.

होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "लग्नाच्या आधी जातील ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. मी मनातल्या मनात ते म्हणतही होते. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. तीन महिने लागतील, वर्षही लागेल. खोटं सांगून लग्न लावणार नाही."

हिराची आई खाली बसली. तेव्हा खांबाला टेकून उभा असलेला नवरामुलगा म्हणाला, "बाबा, मी पोरगी बघितलीय. हात बरं होतील तवा होतील."

लग्न ठरल्या दिवशीच झालं. आम्ही दोघं गेलो होतो. हिराच्या डाव्या हातावर दोन चामखिळी अजून होत्या आणि हळद त्यांच्यावरही लागली होती. पुढे त्याही गेल्या. "औषधानं गुण आला," मी म्हटलं. डॉक्टर हसले. "आपोआपही गेल्या असतील. सगळं श्रेय आपणच कशाला घ्यायचं?"

डॉक्टर रागीट आहेत. मलमाची डबी जागेवर नसली, तर त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. पण तो आवाज रुग्णावर चढलेला मी कधी ऐकला नाही. शेवटचा रुग्ण गेल्याशिवाय ते दुपारी जेवायलाही उठत नाहीत.

आज डॉक्टर साठी पूर्ण करीत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, दृष्टी अशीच तीक्ष्ण आणि हात असाच हलका राहो. वहिनींनी मात्र वेगळंच मागणं मागितलं आहे, आणि आम्हा सर्वांचा त्याला पाठिंबा आहे: पुढची चाळीस वर्षं डॉक्टरांनी दुपारचं जेवण गरम असताना जेवावं.