पुढचा पट्टा सोडू नका

ती घटना आठवली की आजही मला आधी गाडी दिसते, माणसे नंतर.

गडद हिरव्या रंगाची, दोनच माणसे बसतील अशी, उघड्या टपाची परदेशी स्पोर्ट्स कार. वयाने माझ्यापेक्षा मोठी. आगाशीजवळच्या एका वाडीतल्या शेडमधून ती भर दुपारी चोरीला गेली आणि तपास माझ्याकडे आला. मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. थेट अधिकारी म्हणून आलेल्यांना हा फरक कळत नाही. आम्हाला तो रोज कळतो.

फिर्यादी अर्नाळ्याच्या बाजूचे एक रिसॉर्टमालक होते. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही तेच म्हणतो. गाडीचे मूळ मालक एक ख्रिस्ती बागायतदार. ते वारले, मुले परदेशात, त्यांनी वाडी शेठना विकली आणि शेडमधली गाडी तिच्याबरोबर गेली. फिर्याद देताना शेठनी मला मोबाइलवर एक चित्र दाखवले. रिसॉर्टच्या फाटकाशी उंच खांब आणि त्यावर नाक वर करून बसवलेली ही गाडी. इंजिन काढून टाकायचे, खालचा पत्रा कापायचा आणि खांबाला वेल्डिंग करायचे. वेल्डर सोमवारी येणार होता. गाडी शनिवारी गेली.

चोरी कशी झाली हे सांगताना वॉचमनला रडू यायचे बाकी होते. तो कामाला नवा होता. गाडी कुठेतरी नेणार आहेत एवढेच त्याने ऐकलेले. दुपारी एक पिकअप मागे ट्रेलर जोडून आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. गाडी न्यायला आलोय म्हणाला. वॉचमनने फाटक उघडले. अर्ध्या तासाने ताडपत्री टाकलेला ट्रेलर बाहेर निघाला, तेव्हा त्याला वळायला जागा मिळावी म्हणून याच वॉचमनने रस्त्यावर उभे राहून बस थांबवली होती.

तिसऱ्या दिवशी कामणहून फोन आला. तिथे गोदामांच्या रांगेत एकाची चहाची टपरी आहे. त्याचे आणि माझे जुने संबंध. तो म्हणाला, "साहेब, आमच्या मागच्या गाळ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झोपलंय. गाळेवाला आत जात नाही, पण दिवसातून दोनदा कुलूप बघून जातो."

गाळा एका पिकअपवाल्याचा निघाला. त्याच्यावर वाहनचोरीचे दोन जुने गुन्हे होते. आम्ही पंच घेऊन गेलो, कुलूप उघडले आणि ताडपत्रीची पुढची बाजू वर केली. गाडी तीच होती.

पकडलेली वाहने मी शेकड्यांनी पाहिली आहेत. चोर दोर टपावरून टाकतो, हुक बंपरमध्ये अडकवतो आणि जोर लावतो. इथे एकही पट्टा गाडीच्या अंगाला लागत नव्हता. पट्टा टायरवरून फिरवून खाली ट्रेलरच्या कडीला आवळलेला, म्हणजे गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर हलली तरी पट्टा सैल पडायचा नाही. मडगार्डच्या जवळून पट्टा जात होता तिथे लाल कापडाची घडी घातलेली. पट्ट्यांची उरलेली टोके गुंडाळून सुतळीने बांधलेली, वाऱ्याने फडफडून रंगावर आपटू नयेत म्हणून.

मी पंचनाम्यात लिहिले, 'चारही चाके पट्ट्यांनी बांधलेली, गाडी सुस्थितीत.' मागची चाके भिंतीला चिकटून अंधारात होती. ती मी पाहिली नव्हती. हे वाक्य माझे आहे आणि त्याची जबाबदारीही माझीच आहे.

ट्रेलर ठाण्याच्या आवारात आणून उभा केला. पिकअपवाल्याला समोर बसवले. मी अजून पहिला प्रश्न पुरता विचारला नव्हता, तोच तो म्हणाला, "मीच नेली, साहेब. लिहून घ्या."

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. वरिष्ठ साहेब झालेच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून फाइल लवकर मोकळी करा असे सांगितले. पण मी लहानपणी बाजारात केळी विकली आहेत. पहिल्या बोलीला हो म्हणणारे गिऱ्हाईक मला कधीच सरळ वाटले नाही. एकतर त्याला माल माहीत नसतो, नाहीतर त्याचे लक्ष दुसऱ्याच कशावर तरी असते. शिवाय या माणसाला तिसरा गुन्हा परवडणारा नव्हता. तो लागला असता तर त्याची पिकअप, धंदा, घर, सगळे बसले असते, आणि हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

मी त्याच्यावर ओरडलो. माझा आवाज ठाण्याबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जातो असे लोक म्हणत. तो एकच धरून बसला, मीच नेली. मग मी त्याला आवारात नेले, हातात एक पट्टा दिला आणि आमच्या जुन्या जीपकडे बोट दाखवून म्हटले, "त्या दिवशी बांधलीस तशी बांध."

त्याने पट्टा बोनेटवरून फेकला, हुक बंपरला अडकवला आणि पत्रा करकरेपर्यंत ओढला. जीप चालवणारा आमचा हवालदार कळवळून म्हणाला, "सर, गुन्हा त्याचा आहे, जीपला का शिक्षा?"

मी पिकअपवाल्याला एवढेच विचारले, की ती गाडी कोणी बांधली. त्याने वाकून जीपचा पट्टा सोडायला घेतला.

ताडपत्रीखालून काढलेली ती लाल कापडाची एक घडी माझ्या टेबलावर होती. आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती, वसईच्याच ख्रिस्ती गावातली. तिने कापड बोटांत धरून पाहिले. म्हणाली, "सर, हे लुगडं आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या नेसतात ना, लाल चौकडीचं, ते. पट्ट्याखाली घालायला कोणीही गोणपाट घेतो. आईचं लुगडं फाडून घेणारा माणूस विकायला निघालेला नाही."

त्या बागायतदाराची गाडी इतकी वर्षे कोण बघत होते, एवढा एकच प्रश्न तिने गावात विचारला. उत्तर तिला पहिल्याच दारात मिळाले. रस्त्याच्या कडेला गॅरेज असलेले एक मेस्त्री. तीस वर्षे ती गाडी त्यांच्याच हाताखाली होती. रविवारी मिस्सा संपली की मालक आणि मेस्त्री दोघे तिच्यातून समुद्रापर्यंत चक्कर मारून यायचे, आणि परत येताना चालवायला मेस्त्री बसायचे.

मी त्यांना आरोपी म्हणून बोलावले नाही. जुनी गाडी ट्रेलरवरून उतरवायची आहे, जाणकार माणूस हवा, असा निरोप दिला. ते आले. साठीचे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत मात्र जन्माचे ऑइल. गाडी शेवटची कधी पाहिली असे मी सहज विचारले. मालक गेल्यावर नाही, दीड वर्ष झाले असेल, असे त्यांनी सांगितले.

आमच्या आवाराला फाटकाच्या दिशेने उतार होता. ट्रेलरची शेपूट उताराकडे. गाडीवर पूर्ण ताडपत्री. महिला शिपाई मागच्या बाजूला ताडपत्रीचे टोक धरून उभी राहिली. हवालदाराला मी मुद्दाम सांगितले, पुढच्या पट्ट्यापासून सुरुवात कर आणि जरा घिसाडघाईने कर. मला मेस्त्रींचा चेहरा पाहायचा होता. गाडीशी कोणी धसमुसळेपणा केला तर ते कळवळतील आणि मला धागा मिळेल, एवढाच माझा हिशेब.

हवालदाराने ताडपत्रीखाली हात घालून पुढच्या पट्ट्याच्या खटक्यावर अंगठा ठेवला.

"पुढचा पट्टा सोडू नका." मेस्त्री हे म्हणत म्हणत मागे धावले आणि त्यांनी त्या शिपाई मुलीला दंडाला धरून बाजूला ओढले. "बाय, तिथून हो. चाकामागं ठोकळे नाय लावलेत."

हवालदाराचा हात जागच्या जागी थांबला. मी मागे गेलो आणि ताडपत्री उचलली. मागच्या चाकांना पट्टे होते, पण ते गाडीला मागेच ओढणारे. चाकांमागे लाकूड नाही, दगड नाही, काही नाही. गाडीचा हँडब्रेक लागत नव्हता हे नंतर कळले. पुढचे पट्टे सुटले असते तर सगळी गाडी उतारावरून मागे आली असती, जिथे ती मुलगी उभी होती तिथे.

मी विचारले, "मेस्त्री, ताडपत्री तर आत्ता मी उघडली. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी रुमाल काढून हात पुसले. हात स्वच्छच होते. "घाईत राहिले, साहेब. तो वॉचमन बस अडवून उभा होता. बिचाऱ्याला किती वेळ उभं ठेवायचं?"

पुढचे सरळ होते. वेल्डर सोमवारी येणार हे त्यांना गावात समजले होते. त्याआधी ते तीनदा शेठकडे गेले होते आणि तिन्ही वेळा फाटकावरूनच परत आले. पिकअपवाला तुरुंगातून सुटल्यावर त्याला कोणी कामाला उभे करत नव्हते, तेव्हा त्याची मोडकी पिकअप मेस्त्रींनी रस्त्यावर आणून दिली होती. पिकअप आणि ट्रेलर कशाला हवेत हे त्याने त्यांना विचारले नाही; टोपी-मास्क घालून चालवणारे मेस्त्रीच होते. गाळ्यात काय आले हे पाहिल्यावर त्याने फक्त कुलूप लावले. तो साक्षीदार झाला.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून आम्ही मेस्त्रींच्या घरी जाऊन लुगड्याचा उरलेला अर्धा भाग पंचांसमक्ष जप्त केला. त्यांच्या बायकोने तो कपाटातून स्वतः काढून दिला. सासूचे आहे, जपून ठेवा, असे म्हणाली.

अटकेच्या कागदांवर सही करताना मेस्त्रींनी स्वतःसाठी काही मागितले नाही. म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. तिला खांबावर चढवू नका." मी चिडून सांगितले की ते पोलिसांच्या हातात नाही. पण मुद्देमाल परत देण्याबाबत कोर्टाने अहवाल मागवला, तेव्हा गाडीच्या रूपात बदल करू देऊ नये अशी एक ओळ मी त्यात घातली. शेठना गाडी सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या वतीने सांभाळायला, मिळाली, अट अशी की खटला चालू असेपर्यंत ती विकायची नाही, तिच्या रूपात बदल करायचा नाही, आणि कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायची. शेठ मला फोनवर म्हणाले की गाडी माझी आणि मलाच हात लावायला बंदी. मी म्हटले, केस चालू आहे तोवर तसेच, शेठ.

तपासाची बातमी पेपरात आली. तांत्रिक विश्लेषणाच्या आधारे आणि वरिष्ठ साहेबांच्या मार्गदर्शनाखाली गुन्हा उघडकीस आला, असे तीत छापले होते. माझे नाव नव्हते. ते सोडा, लुगडे ओळखणाऱ्या त्या मुलीचेही नव्हते. माझे नाव आले ते दुसऱ्या कागदावर: पंचनाम्यात न पाहिलेल्या बाबीची नोंद केल्याबद्दल लेखी ठपका. ठपका योग्य होता. पण देणाऱ्यानेच आदल्या आठवड्यात त्याच पंचनाम्यावर शाबासकी घेतली होती, हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

मेस्त्री जामिनावर सुटले. माझ्या मनात मात्र त्या आवारातला उतार राहिला. चोर त्याच्या वाईटपणामुळे सापडतो असे लोक समजतात. या माणसाला मी त्याच्या चांगुलपणामुळे पकडले होते. तो गप्प राहिला असता तर सुटला असता, आणि आमची ती शिपाई मुलगी गाडीखाली गेली असती. याची फेड करायची म्हणून मी जे मला येते ते केले. शेठशी घासाघीस. फिर्यादी तयार असेल तर चोरीच्या गुन्ह्यात कोर्टासमोर तडजोड होऊ शकते. दोन महिने मी शेठच्या मागे होतो. कधी कोर्टाच्या खेपांची भीती घातली, कधी गावात नाव खराब होते आहे असे सुचवले, कधी नुसता जाऊन चहा प्यायलो. शेवटी ते हो म्हणाले.

मी स्वतः गॅरेजवर गेलो. मेस्त्री एका स्कूटरचे कार्ब्युरेटर साफ करत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"तडजोड झाली की केस संपणार ना, साहेब?"

"संपणार. तुम्ही मोकळे."

"आणि गाडी?"

"ती शेठची. शेठकडेच राहणार."

"म्हणजे तीही मोकळी," ते म्हणाले. "मग नको. चालू द्या केस."

मी भयंकर संतापलो. दोन महिन्यांची माझी मेहनत, त्यांचे वय, त्यांची बायको, शिक्षा झाली तर काय, सगळे मोठ्याने बोलून दाखवले. शेजारच्या दुकानातली माणसे बाहेर आली. मेस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि बायकोला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितले. ते पाणी पिताना माझ्या लक्षात आले की अहवालातली ती ओळ मी लिहिली होती, पण तिचा खरा भाव या माणसाला माझ्याआधी कळला होता.

आता मी निवृत्त आहे. खटला अजून चालू आहे, आणि गाडी अजून जमिनीवर. मेस्त्री प्रत्येक तारखेला तोच पांढरा शर्ट घालून येतात. नोकरीभर मी एक धरून चाललो, की माणसाला काय हवे आहे ते कळले की तो हातात आला. या केसने मला शिकवले की आधी विचारायचे असते, तो ते कोणासाठी मागतो आहे.

मागच्या तारखेला साक्षीसाठी मला समन्स होते. मी सकाळी दहापासून कागद घेऊन तयार बसलो होतो. आमचा पुकारा झाला तेव्हा बचावाच्या वकिलांनी उठून पुढची तारीख मागितली. न्यायाधीशांनी विचारले, साक्षीदार हजर आहे का, कोणाची हरकत आहे का? सरकारी वकील फाइल शोधत होते. तारखा मागणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आहे. मी शेवटच्या बाकावर होतो, उभा राहिलो असतो तर दिसलो असतो.

मी बसून राहिलो. पुढची तारीख पडली.